वजन पडेपर्यंत

चर्चच्या तळघरात भट्टी आहे, पिंपाएवढी,
आठ कोनांची, वरून उघडणारी.
शेजारी पायऱ्यांवरच्या बर्फात टाकायच्या मिठाच्या पिशव्या
आणि नाताळच्या नाटकातलं एक लाकडी मेंढरू.
बाहेर ड्युलुथचं सरोवर थिजलेलं, उणे सव्वीस.
आत सकाळी साडेसातपासून चढती आच.

इर्या कोस्केलानं मला हे आधी शिकवलं, चाक नंतर.
भट्टीच्या पोटात एक नळी जाते.
तिच्या टोकाशी दोन दांड्या, त्यांवर आडवी
करंगळीच्या पेराएवढी मातीची कांडी,
कांडीवर टेकलेली तिसरी दांडी,
आणि त्याच दांडीच्या बाहेरच्या टोकाला एक आकडा,
वजन धरून ठेवलेला.
हवी तेवढी आच पोचली की कांडी मऊ पडते,
मान टाकते,
वजन सुटतं.
टक्.
वीज बंद.

"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच. म्हणून बिघडायलाही एवढंसं पुरतं."
मग पुढे, हातावरची माती खरवडत,
"राखणीला कुत्रं जरूर ठेवावं, पोरी.
पण घर तुझं असतं."

मी हसले होते.

त्या फेब्रुवारीत सूपच्या जेवणासाठी चाळीस वाडगे होते,
एकेका घराने रंगवलेले, कुणाचा मासा, कुणाचं नुसतंच नाव.
आणि माझ्या आन्सेलची हॉकीची मॅच होती.
कांडी बसवली, वजन उचलून अडकवलं,
जोडीचं घड्याळ, म्हणजे दुसरा राखणदार,
अर्धा तास जास्तीचा धरून लावायचं असतं ते,
मी पार शेवटपर्यंत फिरवलं. कशाला कटकट.
तीन-दोनने जिंकलो. पिझ्झा खाल्ला.

परतले तेव्हा जिन्यातच पायांना कळलं.
तळघर इतकं ऊबदार नसतं.
भिंतीवरचा रंग फुगला होता.
भोकाचं बूच काढलं, काळा चष्मा लावून बघितलं.
नारिंगी नव्हतं, पिवळंही नव्हतं.
आत काही दिसण्यासारखं उरलंच नव्हतं,
एक पांढरेपणा होता, आणि तो माझ्याकडे बघत होता.
वजन जागच्या जागी.
मी मेन स्विच ओढला तेव्हा
हातमोजा दातांत धरलेला होता, हे नंतर लक्षात आलं.

दोन दिवस झाकण उघडलं नाही.
उघडलं तेव्हा वाडगे एकमेकांच्या कुशीत निजलेले,
मासे, नावं, सगळी एक काचेची साय.
आणि दांडीवर, कांडीच्या लगत,
आदल्या खेपेचा ग्लेझचा थेंब, तिळाएवढा.
कांडी बिचारी वाकली होती वेळेवर.
थेंबानं दांडी वाकू दिली नव्हती.

इर्यानं वाकून आत पाहिलं. रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
छिन्नी मागितली, एक वाडगा सोडवला,
तिरपा, जणू अर्ध्या वाक्यात थांबलेला,
आणि कोटाच्या खिशात घालून घरी नेला.
त्यात ती आता कानातलं यंत्र काढून ठेवते रात्री.

ठेवत असे. आता ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहे,
आणि वाडगा तिच्या उशाशी.

मी आता दांड्या दर खेपेला ब्रशनं घासते,
घड्याळ अर्ध्याच तासाने पुढे लावते,
आणि शेवटचे दोन तास खुर्ची ओढून बसते.
मेंढरू समोर. विणकाम हातात, बहुतेकदा न विणलेलं.
यंत्र त्याचं काम करतं, शंभरात नव्याण्णव वेळा.
मी त्या एका वेळेची पगारी नोकर आहे,
बिनपगारी.
खरं सांगायचं तर आवाज इतका बारीक असतो
की बोटं मोडल्यासारखा वाटतो,
आणि त्यानंतर तळघरात जी शांतता पसरते
ती ऐकायलाच मी थांबते, असाही मला संशय आहे.

मग फोन करते. पहिल्याच घंटीला उचलते ती.
यंत्र कानात आहे म्हणजे.
"किती वाजता?"
"अकरा एकेचाळीस."
"मागच्या खेपेला?"
"अकरा वीस."
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
"तारा म्हाताऱ्या झाल्यात. तापायला वेळ घेतात.
बदल त्या," ती म्हणते,
आणि ठेवून देते.